जडवस्तूंतला ससा

लहान मुलाच्या हातात पुस्तक दिसले, की आपल्याकडील वडील मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो असा : “अभ्यासाचे आहे ना?” मूल जर पुस्तक पाहून हसत असेल, तर हा प्रश्न विचारण्याचेही कारण उरत नाही. अभ्यासाचे पुस्तक पाहून हसणारे मूल आजपर्यंत कोणाच्या पाहण्यात आलेले नाही. तेव्हा हसण्यावरूनच पुस्तक अवांतर असल्याचे सिद्ध होते, आणि ते काढून घेण्यात येते. आम्ही पोटासाठी इंग्रजी वाङ्मय शिकवतो. शेक्सपिअरच्या शोकांतिकांतील दुःख नेमके कशात आहे हे तरुण विद्यार्थ्यांना समजावून देण्यात आमचे वर्षातील आठ-नऊ महिने जातात, आणि त्या कामास समाजात बऱ्यापैकी मान आहे. तरीही आमचे मत असे, की चार रेघांच्या चित्राने आणि दोन ओळींच्या मजकुराने पाच वर्षांच्या मुलाला हसविणे, आणि तेही चित्रातल्या कोणाची नालस्ती न करता हसविणे, हे शोकांतिका लिहिण्याइतके अवघड नसले, तरी शोकांतिका शिकविण्याहून खासच अवघड आहे.

आम्ही राहतो ते लोहारा हे धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. आमच्या लहानपणी ते उमरगे तालुक्यात मोडत असे, आणि जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत. पुस्तकांचे दुकान म्हणावे असे दुकान गावात तेव्हा नव्हते. आठवडी बाजारात मात्र बांगड्या आणि गुलालाच्या पुड्या ह्यांच्या मधोमध एक गृहस्थ गोणपाट अंथरून पंचांगे, पोथ्या आणि अंकलिप्या मांडून बसत. ती अंकलिपी हेच आमच्या पिढीचे पहिले सचित्र पुस्तक. तिच्यात ‘अ’ अननसाचा होता. आता आमच्या काळ्या मातीत ज्वारी होते, तूर होते, हरभरा होतो. अननस होत नाही. अननस म्हणजे काय ह्याविषयी वर्गात दोन पक्ष होते. एका पक्षाच्या मते तो केवड्याचा प्रकार, दुसऱ्याच्या मते शेंड्यासकट उपटलेले कणीस. गुरुजींनी निकाल दिला नाही, कारण त्यांनीही तो पाहिलेला नसावा. ‘ऐ’ ऐरणीचा आला म्हणजे मात्र वर्गात उत्साह संचरे. गावाचे नावच लोहारा. ऐरण आहे तर भाता कोठे आहे, असे कोणी ना कोणी विचारीतच असे. सगळ्यांत दीनवाणी अक्षरे म्हणजे ‘ङ’ आणि ‘ञ’. त्यांच्या घरांत चित्रच नसे. सणाच्या दिवशी ज्या घरी चूल पेटलेली नाही अशा घराकडे पाहावे, तसे आम्ही त्या दोन रिकाम्या चौकोनांकडे पाहत असू. अखेर कोणीतरी पेन्सिलीने ‘ञ’च्या घरात एक मांजर काढले. आमच्या आळीत पुढे कित्येक वर्षे ‘ञ’ मांजराचा होता.

मुलांच्या पुस्तकांविषयी विद्वानांनी जे काही लिहिले आहे, ते बहुतेक ह्या मांजरात येऊन गेले असे आम्हांस वाटते. मुलाला चित्रावाचून अक्षर सोसत नाही, आणि मोठ्यांनी चित्र दिले नाही तर ते स्वतः काढते. कोमेनिअस नावाच्या चेक शिक्षकाला ही गोष्ट उमगली आणि त्याने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे जगातील वस्तूंची चित्रे व त्यांखाली त्यांची नावे असे एक पाठ्यपुस्तक छापविले. युरोपातील मुलांच्या सचित्र पुस्तकांची वंशावळ तेथून सांगतात. आपल्याकडे सदाशिव काशिनाथ छत्रे ह्यांनी १८२८ साली इसापनीती मराठीत आणली. त्या पुस्तकाबरोबर कोल्हा, कावळा, सिंह, उंदीर अशी सारी मंडळी मराठीत आली खरी. पण ती शिक्षकाच्या नोकरीवर रुजू होऊन आली. प्रत्येकाच्या गळ्यात तात्पर्याची पाटी. पुढे विनायक कोंडदेव ओक ह्यांचे ‘बालबोध’ १८८१ साली आणि वासुदेव गोविंद आपटे ह्यांचे ‘आनंद’ १९०६ साली निघाले. ह्या मंडळींचे उपकार थोर आहेत. मुलांसाठी निराळे लिहावे लागते हीच गोष्ट त्यांनी आधी मोठ्यांना पटवून दिली.

तथापि त्या काळी चित्र ही चैन होती. एकेका चित्रासाठी ठसा करवून घ्यावा लागे, आणि ठशाचा खर्च मजकुराच्या जुळणीहून पुष्कळच अधिक. म्हणून लेखक सारे काम शब्दांकडून करवून घेई, आणि चित्र मुखपृष्ठावर येऊन, लग्नातल्या दूरच्या आप्ताप्रमाणे, दर्शन देऊन जाई. बंगाल्यात ह्याहून निराळे घडले, त्याचे कारण आम्हांस मोठे मौजेचे वाटते. उपेंद्रकिशोर राय हे मुलांचे लेखक तर होतेच, पण हाफटोन ठसे तयार करण्याच्या विद्येतही ते तज्ज्ञ होते. त्यांनी १९१३ साली ‘संदेश’ मासिक काढले. त्यांचे चिरंजीव सुकुमार राय विलायतेस जाऊन मुद्रणकलाच शिकून आले. आणि १९२३ साली त्यांचा ‘आबोल ताबोल’ हा विक्षिप्त कवितांचा संग्रह त्यांच्याच चित्रांसह प्रसिद्ध झाला. विनोद करणारा, चित्र काढणारा आणि ठसा ओळखणारा ही तिन्ही माणसे एकाच कुडीत नांदत होती; मग चित्र मजकुराच्या मागे राहते कशाला? विलायतेत एडवर्ड लिअरने १८४६ साली आपली निरर्थक गाणी छापली, तेव्हा त्यांची वेडीवाकडी चित्रेही त्यानेच काढली होती.

मराठीत हा योग यावयास वेळ लागला. विंदा करंदीकरांची ‘राणीची बाग’ १९६१ साली आली आणि पिंजऱ्यांतील जनावरे तात्पर्याच्या नोकरीतून एकदाची मुक्त झाली. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झाले. आमच्या शाळेत त्याचे अंक येत, आणि एका अंकावर सहा डोकी वाकत. सातव्यास चित्र उलटे दिसे, पण त्यावाचून त्याचे काही अडत नसे. आमच्या मागून आलेल्या मुलांचे भाग्य त्याहून मोठे. त्यांच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांत शि. द. फडणीसांची चित्रे होती. खेड्यापाड्यांतील ज्या लाखो मुलांनी विकतचे एकही गोष्टीचे पुस्तक पाहिले नाही, त्यांच्या हाती एका खऱ्या विनोदकाराची रेघ सरकारी गणिताच्या निमित्ताने पडली. बेरजेचे पुस्तक पाहून मूल हसते, हा चमत्कार त्या पुस्तकांनी करून दाखविला. ह्या लेखाच्या आरंभी आम्ही जे सर्वसाधारण विधान केले आहे, त्याला हा एवढा अपवाद वाचकांनी मान्य करावा.

आज लेखक आणि चित्रकार एकाच कुडीत पाहावयाचे असतील तर माधुरी पुरंदरे ह्यांची पुस्तके पाहावीत. साहित्य अकादमीने २०१४ साली त्यांस बालसाहित्याचा पुरस्कार दिला, परंतु आम्ही त्यांचे नाव घेतो ते त्यासाठी नव्हे. ‘बाबाच्या मिश्या’, ‘हात मोडला’ ही पुस्तकांची नावेच पाहा. पूर्वीच्या बालपुस्तकांत हात मोडला असता, तर तो आज्ञाभंगाची शिक्षा म्हणून मोडला असता, आणि पुस्तकाचे नाव ‘हट्टाचे फळ’ असे ठेवण्यात आले असते. ह्या नावांत तसला कोणताही आरोप नाही. घरातली माणसे दमतात, वैतागतात, हसतात आणि पुन्हा कामास लागतात, एवढेच त्या चित्रांत असते. आणि मुलाला आपले घर ओळखू येते.

‘आपले घर’ असे आम्ही लिहिले खरे, पण येथे एक तक्रार नोंदवून ठेवणे भाग आहे, आणि ती कोणा एका चित्रकाराविरुद्ध नाही. आमच्या भागातील मूल घराचे चित्र काढावयास बसले, की दोन बाजूंनी उतरते छप्पर काढते. मागे दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि अंगणात नारळीचे झाड. लोहाऱ्याला डोंगर कोठला आणि नारळीच्या रांगा तरी कोठल्या? आमच्याकडचे जुने घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर सपाट माळवद. त्या माळवदावर उन्हाळ्यात माणसे निजत, मिरच्या वाळत, आणि आषाढात गळू लागले की मोठी माणसे वर माती लोटत. असे घर मुलांच्या कोणत्याही पुस्तकात आम्ही लहानपणी पाहिले नाही. कोकणातील कौले पुण्यामुंबईच्या छापखान्यांतून येथवर आली. येथले माळवद मात्र कोणाच्या चित्रात चढले नाही.

ती माळवदे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे खाली आली. किल्लारीच्या भूकंपाविषयी येथे नव्याने सांगण्यासारखे काही नाही. आमच्या जवळच्या सास्तूर आणि आसपासच्या गावांत घरे राहिली नाहीत. मातीच्या ज्या ओझ्याखाली पिढ्यान्‌पिढ्या गारव्याने झोपल्या, त्याच ओझ्याखाली माणसे गेली. आम्ही तेव्हा नुकतेच एम. ए. होऊन नोकरीच्या शोधात होतो. रिकामा तरुण म्हणून आमची योजना पत्र्याच्या वसाहतीतील मुले सांभाळण्याच्या कामावर झाली. पाटी होती, खडू होता, मुले होती. पण शिकविण्यासारखे काही आहे असे कोणालाच वाटत नव्हते. अशात पुण्याच्या एका स्नेह्याने मुलांच्या चित्रमय पुस्तकांचे एक खोके पाठविले. त्यात मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकेही होती. सोव्हिएत संघ १९९१ साली मोडला होता, पण त्याचे अस्वल पुण्याच्या कोणाच्या तरी माळ्यावर शिल्लक होते.

ह्या पुस्तकांच्या स्वस्ताईचे मर्म येथेच सांगून टाकतो. रंगीत चित्रास चार रंगांचे चार ठसे लागतात, आणि सगळा खर्च पहिली प्रत निघेपर्यंतचा असतो. प्रती थोड्या, तर प्रत महाग. आणि मराठीची आवृत्ती नेहमी थोडीच. परंतु चित्रे एकच ठेवून केवळ काळा मजकूर भाषेभाषेप्रमाणे बदलला, तर दहा भाषा मिळून एक मोठी आवृत्ती होते. मॉस्कोवाल्यांनी हे केले आणि वर सरकारी पैसा ओतला. २००४ साली स्थापन झालेल्या प्रथम बुक्सनेही एकेक पुस्तक अनेक भारतीय भाषांत काढून किंमत खाली आणली.

असो. वसाहतीत सहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याची आई त्या पहाटे गेली होती. तो आजीपाशी राही आणि बोलत नसे. विचारले तर मान हलवी. आम्ही त्याच्या मांडीवर एक पुस्तक ठेवले. त्यात एक लठ्ठ अस्वल लाकडी टबात स्नानास बसले होते. मुलगा ते पान पाहत राहिला. आजी शेजारी ज्वारी निवडीत होती. तिला अक्षर येत नव्हते. पुस्तक ही वस्तू आपल्यासाठी आहे असे तिला त्या दिवसापर्यंत कोणी भासविले नव्हते. तिने सूप बाजूला ठेवले, डोळे बारीक केले आणि म्हणाली, “अगं बया! ह्या दांडग्याला न्हाऊ घालायचं म्हंजे दोन हंडे लागत्याल की. पाणी कुठलं आणायचं? टँकर तर परवापासून न्हाई.” मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “टँकर आला की त्याच्याखालीच हुबं करू की त्याला.” आणि हसला. म्हातारीही पदर तोंडाला लावून हसली. मग दोघांनी मिळून पुढचे पान उलटले, आणि खालच्या मजकुरात नसलेले पुष्कळ काही त्या पानावर वाचले.

ह्या प्रसंगाला आम्ही फार मोठा अर्थ चिकटवीत नाही. तो मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा गप्पच होता. पण ज्या घरात वडील माणसाला अक्षर येत नाही, त्या घरात अक्षरांचे पुस्तक शिरले की मूल आणि म्हातारी ह्यांच्यामध्ये एक भिंत उभी राहते. चित्रांचे पुस्तक शिरले तर म्हातारी वाचक होते, एवढे आम्ही डोळ्यांनी पाहिले. त्याच आठवड्यात पाहणीसाठी आलेल्या एका गृहस्थांनी पुस्तक हाती घेऊन विचारले, “ह्यातून मुलांनी काय बोध घेतला?” आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोवर म्हातारीनेच त्यांस सांगितले, “बोध न्हाई साहेब, अस्वल हाय त्यात.”

खोक्यातील पुस्तके सहा महिन्यांत संपली. ‘संपली’ हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजला आहे. काहींची पाने सुटली, काही चुलीजवळ पिवळी पडली, एकाची मुखपृष्ठे पतंगास कामी आली. ती हरवली, फाटली किंवा खराब झाली असे आम्ही म्हणत नाही. साबण संपतो तशी ती संपली. आमचा सरकारशी आणि समाजाशी जो काही वाद आहे तो ह्या एका क्रियापदापुरता आहे.

कारण आता पुस्तकांचा तसा दुष्काळ नाही. आमच्या तालुक्यातील एका शाळेत आम्ही गेलो होतो. शाळा नीटनेटकी, गुरुजी मनाचे चांगले. लोखंडी कपाटात शंभराहून अधिक चित्रमय पुस्तके होती, आणि ती इतकी कोरी होती की उघडताना पाने एकमेकांपासून सुटण्यास नाखूष दिसली. पहिल्याच पुस्तकावर एक ससा होता. एक कान उभा, एक पडलेला, आणि चेहऱ्यावर मोठा विचार. आम्ही गुरुजींस विचारले, मुलांना देत का नाही? त्यांनी उत्तरादाखल एक जाड वही आमच्यापुढे ठेवली. तिचे नाव ‘जडवस्तुसंग्रह नोंदवही’. टेबल, खुर्ची, घंटा, लोखंडी कपाट आणि त्याखाली ओळीने पुस्तके. सशाला तेथे अनुक्रमांक होता. टेबल मोडले तर जाब, पुस्तक फाटले तरी जाब. आणि फाटलेले पुस्तक वहीतून कमी करावयाचे तर निर्लेखनाचा प्रस्ताव, त्यावर मंजुरी, आणि तोपर्यंत फाटक्या पुस्तकाचे तुकडे जपून ठेवणे. “सर, लेकरांच्या हातात दिलं तर फाटणारच,” गुरुजी म्हणाले, “आणि फाटलं तर माझ्या पगारातून गेलं.” त्यांना दोष देण्यास आमची जीभ रेटली नाही. जी माणसे पुस्तक कुलुपात ठेवतात ती सगळीच पुस्तकाची वैरी नसतात. कित्येक त्या वहीला भ्यालेली असतात.

आता त्याच शाळेत खडू कसा येतो पाहा. खडूची पेटी येते, नोंद होते, खडू झिजतो, आणि वर्षाअखेरी शिल्लक शून्य दाखविली तरी कोणी भुवई उंचावत नाही. उलट खडूची पेटी वर्षभर भरलेलीच राहिली, तर गुरुजींनी फळ्यावर काही लिहिले की नाही, अशी शंका घेतील. म्हणजे झिजणे हा खडूचा धर्म आहे हे सरकारला पटलेले आहे. लहान मुलांचे चित्रांचे पुस्तक हे खडूच्या जातीचे आहे, टेबलाच्या जातीचे नाही. ज्ञानकोश टेबलाजवळ बसवा, आमची हरकत नाही. परंतु सहा वर्षांच्या मुलाने पन्नास वेळा उलटलेले पुस्तक जर फाटले नाही, तर एक तर त्याचा कागद पत्र्याचा असला पाहिजे, किंवा ते पन्नास वेळा उलटलेले नाही.

कोणी म्हणेल, आता पुस्तके हवीत कशाला? फोनवर सगळे मिळते. मिळते खरे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’वर २०१५ सालापासून मुलांच्या गोष्टी चित्रांसह फुकट वाचता येतात, आणि ‘किशोर’चे जुने अंकही असेच पाहावयास सापडतात, ज्यांनी ही सोय केली त्यांना आम्ही दुवा देतो. पण फोन हा घरातल्या कर्त्या माणसाचा असतो. तो मुलाच्या हाती येतो तेव्हा गोष्टीऐवजी हलत्या चित्रांचा लोंढा घेऊन येतो, आणि हलते चित्र थांबून राहत नाही. टबातले अस्वल पुढे सरकले असते, तर टँकरचा विषय निघालाच नसता. दुसरे कोणी म्हणतात, मुले आता इंग्रजी शाळेत जातात, त्यांना मराठी पुस्तके काय करायची? आम्ही जन्मभर इंग्रजी शिकवून एवढे सांगू शकतो, की ज्या मुलाने आजीबरोबर हसून काही वाचले नाही, त्याला लिअरही हसवीत नाही. ते लिअरचे स्पेलिंग पाठ करते.

गुरुजींशी आम्ही पुष्कळ वेळ बोललो. ते आमचेच जुने विद्यार्थी निघाल्यामुळे थोडी भीड पडली असावी. शेवटी असे ठरले, की जडवस्तूंच्या वहीला हात लावावयाचा नाही, कपाटातला ससा कपाटातच ठेवावयाचा. आम्ही आणि गावातील चारपाच मंडळी मिळून वर्गणीतून त्याच सशाचे पुस्तक व आणखी एकोणीस आणावयाची, आणि ती खडू, डस्टर व शाई ज्या वहीत लिहितात त्या वहीत लिहावयाची. गुरुजींनी तीनदा विचारले, “सर, चालेल ना?” आणि मग सुवाच्य अक्षरात लिहिले : ‘चित्रांची पुस्तके, नग वीस.’

ह्यास आता चार महिने झाले. सात पुस्तके फाटली आहेत, दोन कोणाच्या घरी गेली ती परतली नाहीत. सशाचे चित्र कापून एका घरी दाराच्या आतल्या बाजूस डकविलेले आम्ही स्वतः पाहिले. त्या घरातील आजीबाई त्याला पाहुणा म्हणतात. उरलेल्यांपैकी तीन खळीने चिकटविली आहेत, आणि मुलांनीच चिकटविल्यामुळे एका गोष्टीतील हत्ती दुसऱ्या गोष्टीत गेला आहे. मुलांस ती नवी गोष्ट अधिक पसंत पडली. गुरुजींनी वहीत शिल्लकेच्या रकान्यात पेन्सिलीने अकरा असा आकडा लिहून ठेवला आहे. लेखापरीक्षक अद्याप यावयाचे आहेत.